मदत हवी आहे: जुन्या गिटारची मान वाकली आहे

नमस्कार मंडळी. पंधराव्या वर्षी नौपाड्यात शिकायला लागलो तेव्हाची स्टीलच्या तारांची गिटार. पुढे कित्येक वर्षं कपाटावर पडून, तीही तारा ताणलेल्याच (माझाच गाढवपणा). जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकलं आणि हात पुन्हा शिवशिवायला लागले. पण बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) तारा चांगल्या ४ मिलिमीटर वर आल्यात. एफ कॉर्ड धरताना बोटांचा जीव जातो. ट्रस रॉड (मानेचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) स्वतः फिरवायची हिंमत होत नाही. की मान नाही, ब्रिजच (तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी) उचलला गेलाय? ठाणे स्टेशन ते घोडबंदर पट्ट्यात हे नीट तपासून देणारा भरवशाचा कारागीर कुणाला माहीत आहे का? साधारण खर्चही सांगा. ‘नवीन घे’ सोडून काहीही सुचवा.