शब्दचर्चा : निरोप देतात, घेतात, की मागतात?

प्रश्न

माझी पुतणी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. तिथल्या एका ल्यूथरन चर्चच्या गायनवृंदात ती गाते. या वृंदाला शिकवणारे, दर रविवारी ऑर्गन वाजवणारे, चर्चचं सगळं संगीत सांभाळणारे गृहस्थ आता वयोमानानुसार थांबताहेत. त्यांच्या हुद्द्याला तिथं 'कांतोर' म्हणतात. वृंदातल्या प्रत्येकानं आपापल्या मातृभाषेत दोन ओळी लिहून द्यायच्या, असं ठरलंय. पुतणीचा फोन आला, "काकी, मराठीचं तू बघ."

मी मालवणात बसून पहिली ओळ लिहिली : 'सेवानिवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा.' लिहिली आणि खोडली. ही ओळ आपण इतक्या कागदांवर, इतक्या जणांना लिहिली आहे की तिच्यात माणूस दिसतच नाही. शिवाय 'सेवेतून निवृत्त' हे देवाच्या दारात वाजवणाऱ्याला कसं लागू करायचं? नोकरी संपली, सेवा कशी संपेल?

मग 'निरोप' लिहिलं, तर तिथं दुसरीच अडचण. निरोप आपण देतो, घेतो, सांगतो, धाडतोसुद्धा. इथं नेमकं क्रियापद कुठलं? आणि कांतोरला काय म्हणायचं? 'ऑर्गनवादक' अपुरं वाटतं. जमलेल्या लोकांना 'भाविक' म्हणू की 'समाज'? तुम्ही बोलताना काय म्हणता ते सांगा. कोशातले शब्द माझ्याकडेही आहेत.

रत्नागिरीहून

लोकांचं आधी सांगतो, कारण तो शब्द आमच्या घरातला आहे. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. बाकीच्यांची मंडळी म्हणजे जमलेले लोक, सोयरेधायरे, नाटक कंपनी, नाहीतर जुन्या पिढीच्या तोंडी बायको. आमच्याकडे ती स्त्रीलिंगी, एकवचनी, आणि मोजता येते : एक मंडळी, सात मंडळ्या. इमारत म्हणजे मंडळी नव्हे, माणसं म्हणजे मंडळी. रविवारच्या प्रार्थनेला 'उपासना', धर्मगुरूंना 'पाळक'. तुमच्या पुतणीचं चर्च ल्यूथरन असलं तरी मराठीत हेच शब्द चालतील.

माझ्या लहानपणी उपासनेला पेटीच असायची, आणि वाजवणारे ते 'पेटीमास्तर'. नारायण वामन टिळकांची पदं मी त्यांच्याच पेटीवर शिकलो. टिळक मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळ्यांना अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली. त्याआधी बरंचसं गाणं परक्या चालींवर बसवलेलं असे, शब्द मराठी आणि ओढाताण दोन्हीकडून. आपल्या भाषेत, आपल्या तोंडानं गाणं म्हणजे काय, हे ल्यूथरच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाच्या, लोकांना वेगळं सांगावं लागणार नाही. उपासनेतलं गाणं सगळ्या लोकांच्या तोंडी, त्यांच्या भाषेत यावं हा त्याचाच आग्रह. १५२४ साली त्यांचं पहिलं छोटं गीतपुस्तक निघालं, त्यात आठ गीतं होती, चार त्याची स्वतःची.

वेंगुर्ल्याहून

गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवणारा तो 'मेश्त्रे', पोर्तुगीज शब्द, अर्थ गुरू किंवा उस्ताद. तोच शब्द आपल्याकडे येऊन सुताराचा मेस्त्री झाला. पत्रात वापरा असं म्हणत नाही, पण हातानं घडवणाऱ्याला आणि गाणं घडवणाऱ्याला एकच शब्द पुरला, हे मला फार आवडतं.

देवगडहून

काकीनु, तेंका बुवा म्हणा!

मी भजनात पखवाज वाजवतो, म्हणून ठासून सांगतो. आमच्याकडे पेटी वाजवणारा वेगळा आणि गाणारा वेगळा असं नसतं. बुवा स्वतः पेटीवर बसतात, स्वतः उचलतात, मागच्यांकडून म्हणवून घेतात. नवा पोरगा चुकला तर बुवा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, फक्त पेटीवरचा सूर जरा दाबून धरतात, त्याला कळतं. तुमच्या कांतोरचं काम वाचलं आणि मला हेच दिसलं.

पुन्हा रत्नागिरीहून

'बुवा' शब्दाला हल्ली वाईट वास लागलाय, हे विसरू नका. वर्तमानपत्रात बुवा येतो तो कुठल्या बातमीत येतो? भजनाच्या गावाबाहेर हा शब्द टिकणार नाही. मी 'गुरुजी' म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ती

गुरुजी आदराचं आहे, पण त्यात गाणं नाही. मी पुतणीला 'कांतोर'चा अर्थ विचारला. शब्द लॅटिनमधला, अर्थ 'गाणारा'. वाजवतो, शिकवतो, बसवतो, तरी नाव गाण्यावरून. थोर जर्मन संगीतकार बाखसुद्धा लायप्झिगच्या सेंट थॉमस चर्चचा कांतोर होता, १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत. तिथल्या शाळेतल्या मुलांकडून गाऊन घ्यायचं, गावातल्या मुख्य चर्चमधलं संगीत बघायचं, हे त्याचं काम. मला हे वाचताना देवगडच्या दादांचा बुवाच दिसत राहिला. भोंदूंमुळे चांगला शब्द आपण सोडून द्यायचा का? मी सोडणार नाही. खाली एका ओळीत अर्थ लिहीन, जर्मनमध्ये.

पुतणी आणखी एक सांगते. तिथल्या ऑर्गनला दोन्ही हात तर लागतातच, पण पायांखालीही सुरांच्या पट्ट्या असतात. म्हणजे पाय भात्यासाठी नाहीत, गाण्यासाठी. आमच्या पायपेटीत पाय फक्त वारा भरायचे. आणि गीत सुरू होण्याआधी कांतोर एकटे थोडं वाजवतात, त्यातून लोकांना चाल आणि पट्टी मिळते, मग सगळे गातात. सगळ्यांच्या आधी सूर धरणारा तो, आणि त्याची पाठ लोकांकडे. इतक्या वर्षांत पुतणीनं त्यांचा चेहरा गाताना फारसा पाहिलेलाच नाही.

सावंतवाडीहून

निरोपाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा. गुरुचरित्र वाचणाऱ्यांना हे ठाऊक असेल, तिथं गुरूंचा निरोप झाला म्हणजे गुरूंनी तसं सांगितलं. 'निरोपणे' म्हणजे सांगणे. त्यातूनच आजचे दोन्ही अर्थ निघतात. कुणाजवळ सांगून पाठवलेलं, तोही निरोप, आणि जायची परवानगी, तोही निरोप. म्हणून जाणारा निरोप *घेतो* आणि राहणारे *देतात*. देण्याघेण्याची वस्तू आहे ती, आणि ती वस्तू म्हणजे 'जा' हा होकार. आपण गणपती उचलताना देवाकडेच आज्ञा मागतो ना? माझे वडील पाहुण्यांकडून उठताना "निरोप असावा" म्हणायचे आणि समोरच्यानं "बरं, या" म्हटल्याशिवाय चप्पल घालत नसत.

निवृत्तीत माणूस एकटा असतो, तो आणि त्याचं वय. निरोपाला समोर कुणीतरी लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, तुमचं वाचून मी रात्रीच जर्मनीला फोन लावला. विचारलं, त्या दिवशी चर्चमध्ये प्रत्यक्ष होतं काय? ती म्हणाली, उपासनेतच पाळक त्यांना पुढं बोलावणार, सगळ्यांसमोर त्यांच्या जबाबदारीतून मोकळं करणार आणि आशीर्वाद देणार. याला तिथं 'एंटफ्लिष्टुंग' म्हणतात. 'फ्लिष्ट' म्हणजे कर्तव्य, ते उतरवून घेणं. पेन्शनीत जाण्याला वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ विसाव्याची अवस्था. तो सरकारी कागदावर. चर्चमध्ये हा.

म्हणजे नुसतं जाता येत नाही. ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांच्यासमोर उभं राहून मोकळं व्हावं लागतं. यासाठी मी नवा शब्द जुळवत बसले होते आणि तो माझ्या तोंडात रोजचा होता.

ओळी अशा केल्यात :

'बुवा, तुम्ही सूर धरलात म्हणून आम्ही गायलो. मंडळी तुम्हाला निरोप देते. या हं.'

शेवटचं 'या हं' पुतणीला हवंय. तिला आठवतं, आमच्या पडवीतून कुणी "जातंय" म्हणून कधीच उठलं नाही, "येतंय हां" म्हणूनच उठले. एक शंका राहिली : 'देते' की 'देत आहे'?

रत्नागिरीहून

'देते' ठेवा. मंडळी एकवचनी आहे, आणि निरोप एकदाच द्यायचा असतो. बुवांवरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. 'ळ' कसा म्हणायचा ते मात्र पुतणीला तिथल्या लोकांकडून आधी म्हणवून घ्यायला सांगा, नाहीतर मंडळीची मंडली होईल.