फुलं असतील, पण घर कुठे?

जंगल जाऊन रबर, कॉफी किंवा पामचे मळे आले, तरी मळ्यातही फुलं असतातच, मग मधमाश्यांचं अडतं कुठे, असा प्रश्न कोणी विचारतं. अडतं ते राहायच्या जागेवर. आमच्या बोरिवलीच्या जुन्या इमारतीत मीटरच्या पेटीमागे, भिंतीच्या फटीत पोयाच्या माश्या आहेत, म्हणजे मधमाश्यांचीच एक छोटी जात. तांदळाच्या दाण्याहून लहान, दंश नाही, दाराशी मेण-राळेची काळपट नळी. (पेस्ट कंट्रोलवाला दर खेपेला विचारतो, "मारू का?") जंगलात यांची घरं जुन्या झाडांच्या ढोलीत. रबराची एकाच वयाची झाडं ओळीने लावली की ढोल्या संपल्या.

शिवाय कॉफीचा बहर सरीनंतर येतो आणि काही दिवसांत ओसरतो. बाकी वर्षभर माशीने खायचं काय? आपण तण म्हणून उपटतो, तेच तिचं जेवण. कोस्टा रिकातल्या २००४ च्या अभ्यासात जंगलातल्या माश्यांच्या परागीभवनामुळे जंगलापासून साधारण किलोमीटरभरात कॉफीचं उत्पन्न २० टक्क्यांनी जास्त भरलं होतं, म्हणजे तिथे मालकाला माशीची किंमत कळू तरी शकते.

पाम तेलाच्या मळ्यात तेही नाही. तिथलं परागीभवन मुख्यतः एक छोटा सोंड्या भुंगा करतो, १९८१ मध्ये कॅमेरूनहून मलेशियात आणून सोडलेला. माश्या गेल्या तरी घड भरतातच.