शब्दचर्चा: 'उर्टेक्स्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

पेटीवाला: बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर'वर (प्रिल्यूड आणि फ्यूग अशा जोड्यांचा दोन भागांतला कीबोर्ड-संग्रह) एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाच्या निळ्या वेष्टणावर 'उर्टेक्स्ट' हा जर्मन शब्द असतो, म्हणजे संपादकाची भर काढून रचनाकाराचा दिलेला पाठ. मी 'मूळ पाठ' लिहिलं होतं, संपादकांनी ते 'अस्सल प्रत' केलं. कुठलं ठेवू?

जुनी पोथी: दोन्ही नको. 'अस्सल प्रत' म्हणजे खुद्द बाखच्या हातची. पहिल्या भागाची ती १७२२ ची प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात आहे, दुकानात मिळत नाही!

'मूळ पाठ'मध्ये गोम वेगळी आहे. मूळ म्हणजे सगळ्यात जुना, की रचनाकाराने शेवटी कायम केलेला? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गटिंगनचा बाख-चरित्रकार फोर्केल आणि लायप्झिगचे प्रकाशक होफमाइस्टर-क्यूनेल यांच्यात बाखच्या कीबोर्ड-रचना छापण्याबद्दल पत्रव्यवहार चालू होता. फोर्केलकडे 'वेल-टेम्पर्ड'मधल्या काही प्रिल्यूडांचे (फ्यूगआधीच्या तुकड्यांचे) आखूड पाठ होते. बाखने पुढे पाल्हाळ छाटून ते तसे केले, अशी त्याची ठाम समजूत. १८०२ च्या बाख-चरित्रात त्याने तसं लिहिलं आणि त्या प्रकाशकांची आवृत्तीही आखूड पाठांचीच निघाली. प्रत्यक्षात गाडी उलटी होती. बाखने थोरल्या मुलासाठी १७२० मध्ये वही सुरू केली, तिच्यात यातल्या अकरा प्रिल्यूडांची कच्ची रूपं आहेत. बाखने ती पुढे वाढवली. म्हणजे 'मूळ'चा अर्थ 'आधीचा' घेतला, तर फोर्केलने नकळत मूळ पाठच छापला म्हणायचं! उर्टेक्स्टवाल्यांना ते नको असतं.

पेटीवाला: मग 'चिकित्सित आवृत्ती'? भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे मराठी वाचकाच्या कानावरून हा शब्द गेलेला आहे.

जुनी पोथी: शब्द उत्तम, पण जपून. त्या महाभारताचे संपादक सुकथनकर यांनी हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकं जुनं रूप शोधलं. व्यासांची पोथी कुणाकडेच नव्हती. बाखच्या बाबतीत हस्तलिखित समोर असतं आणि तरी प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या भागाचंच घ्या. लंडनला बाख आणि त्याची बायको आना माग्दालेना यांच्या हातची प्रत आहे, पण तिच्यातल्या प्रिल्यूड-फ्यूगच्या तीन जोड्या हरवल्या आहेत. बर्लिनला बाखचा पुढे जावई झालेल्या आल्टनिकोलने १७४४ मध्ये केलेली नक्कल आहे. दोन्हींत पाठभेद भरपूर. संपादक आल्फ्रेड ड्यूरने नव्या बाख-समग्रात (बाखच्या सगळ्या रचनांच्या नव्या आवृत्तीत) दोन्ही पाठ वेगवेगळे छापले, खिचडी केली नाही. याला 'चिकित्सित' जरूर म्हणा.

कोमल निषाद: 'प्रक्षेप' (मागून कुणी घुसडलेला भाग) हा शब्दही लेखात येऊ द्या. पहिल्याच सी मेजर प्रिल्यूडमध्ये बाविसाव्या आणि तेविसाव्या बारच्या (लेखी स्वरलिपीतल्या मात्रांच्या घराच्या) मध्ये एक उपरा बार घुसला होता. खालचा स्वर एफ शार्पवरून थेट ए फ्लॅटवर जातो, ते कुणाच्या तरी कानाला खटकलं आणि मध्ये जी बसवला. हा बार हाम्बुर्गचा संगीतकार श्वेंके याच्या नावावर जमा आहे. पियानोवादक चेर्नीने संपादित केलेल्या १८३७ च्या आवृत्तीत तो आला. याच प्रिल्यूडवर सुरावट बसवून केलेल्या गूनोच्या 'आवे मारिया'तही तो आहे, त्यामुळे लाखो लोकांना प्रक्षिप्त पाठच ओळखीचा. अस्सल वाजवलं तर विचारतात, चुकलात का?

जुनी पोथी: अगदी! आणि चेर्नीने वर लय आणि आवाजाच्या लहानमोठेपणाच्या खुणाही पदरच्या घातल्या. त्यासाठी 'प्रक्षेप' नको, 'संपादकाची भर' पुरे. स्वर बदलला तर प्रक्षेप.

पेटीवाला: पण हेन्लेच्या बऱ्याच प्रतींत बोटांचे आकडे असतात, ते बाखचे थोडेच?

जुनी पोथी: नाहीत, छपाईसाठी नेमलेल्या वादकाचे असतात. म्हणूनच वेष्टणावरच्या शब्दावर मी फार भिस्त ठेवत नाही. माझं मत: 'उर्टेक्स्ट' देवनागरीत तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती ताडून सिद्ध केलेला पाठ' एवढं जोडा. 'चिकित्सित आवृत्ती' ड्यूरसाठी राखून ठेवा, कारण तिच्यासोबत पाठभेदांचा स्वतंत्र खंड असतो.

पेटीवाला: 'सिद्ध केलेला पाठ' उचलतो. संपादकांना 'अस्सल प्रत' काढायला सांगतो.