आई-बाबांसह जानेवारीत कॅरिबियन: बार्बेडोस, त्रिनिदाद की पोर्टो रिको?

प्रश्न: नीरजा_एडिसन

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे सासू-सासरे डिसेंबरमध्ये सांगलीहून येत आहेत आणि जानेवारीच्या थंडीत त्यांना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा आठवडाभर कॅरिबियनला न्यावे, असा आमचा विचार आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उतार त्यांना झेपत नाहीत. भारताने २९ जून २०२४ रोजी ज्या मैदानावर टी-२० विश्वचषक जिंकला, ते ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे, म्हणून बार्बेडोस पहिल्या पसंतीवर आहे. माझ्या नवऱ्याचा ओढा त्रिनिदादकडे आहे, तर मुलीला पोर्टो रिकोमधले रात्री चमकणारे पाणी पाहायचे आहे. बार्बेडोस आणि त्रिनिदाद या दोन्ही ठिकाणी भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. सासू-सासऱ्यांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. आमच्या एच-१बीचे (नोकरीच्या व्हिसाचे) एक्स्टेन्शन मंजूर झाले आहे, फक्त पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत गेल्या वर्षी संपली. कोणते बेट निवडावे?

उत्तर: माधव_कु

नीरजाताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शिक्क्याच्या वाक्यावरच सगळा निर्णय अवलंबून आहे. बार्बेडोसला तुम्ही सहज पोहोचाल, अडचण परतताना येईल. एक्स्टेन्शनच्या मंजुरीने अमेरिकेत राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळते, पण देशाबाहेर पडून पुन्हा आत येण्यासाठी पासपोर्टवर चालू व्हिसा असावा लागतो. संपलेल्या व्हिसावर तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बीवाल्यांना केवळ कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. शेजारच्या बेटांसाठीची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज कार्यक्रमाच्या) व्हिसावर असलेल्यांना आहे, त्यामुळे एखाद्या मित्राने विद्यार्थी असतानाचा स्वतःचा अनुभव सांगून तुम्हाला धीर दिला, तरी तो तुमच्या उपयोगाचा नाही.

तेव्हा तुमच्यासमोर पोर्टो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स हे दोनच पर्याय उरतात, कारण ती अमेरिकेचीच भूमी आहे. त्यातही व्हर्जिन आयलंड्सहून मुख्य भूमीकडे निघताना विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी होते. पोर्टो रिकोहून परतताना सामानातली फळे-भाज्या तेवढ्या तपासतात. तरीही पासपोर्ट, मंजुरीचे पत्र आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) सर्वांनी जवळ ठेवावे.

उत्तर: सुलभा जोगळेकर

माधवरावांशी मी सहमत आहे. पोर्टो रिकोला नाइलाज म्हणून जायचे आहे, असे मात्र कृपया मनात आणू नका. नेवार्कहून सॅन हुआनला थेट विमानाने चार तासांच्या आसपास लागतात, आणि सत्तरीच्या माणसांसाठी ही गोष्ट साधी नव्हे. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, त्यामुळे जानेवारीत ती धास्ती नाही. त्या महिन्यात उत्तर किनाऱ्यावर लाटा मात्र जोरदार असतात आणि सॅन हुआनच्या कोंडादो भागात पाण्याची ओढ धोकादायक ठरू शकते. ज्येष्ठांना पाण्यात पाय सोडून निवांत बसायचे असेल, तर पूर्वेकडच्या लुकियोचा अर्धचंद्राकृती, शांत किनारा गाठावा.

जुने सॅन हुआन अतिशय देखणे आहे, पण निळसर दगडी फरशीचे उतार दुखऱ्या गुडघ्यांना त्रास देतात. एल मोरो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत मोठे उघडे मैदान चालत ओलांडावे लागते. तिथे सावली नाही, मुले पतंग उडवत असतात आणि समुद्राचा वारा सतत अंगावर येत असतो. सासऱ्यांना तिथे सकाळी लवकर न्या, किंवा तटबंदीखालच्या पासेओ दे ला प्रिन्सेसा या सपाट रस्त्यावर फिरवा. एल युंके या वर्षावनातला ला कोका धबधबा गाडीरस्त्यावरूनच दिसतो.

जेवणाबाबत सावध राहा. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर लाकडी खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. तो ऐकायला शाकाहारी वाटतो, पण त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. तुरीच्या दाण्यांचा भात तिथे घरोघरी होतो आणि सासूबाईंना तो ओळखीचा वाटेल, मात्र त्यातही हॅम असते. प्रत्येक ठिकाणी ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असे स्पष्ट सांगावे. माझ्या मते हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि छोटा कुकर बरोबर न्यावा. सासूबाई एक वेळ वरण-भात जेवल्या, की बाकीचा दिवस सगळ्यांचा आनंदात जाईल.

उत्तर: त्रिनिदादप्रेमी

शिक्क्याचे काम झाल्यावर त्रिनिदादचा विचार जरूर करावा, कारण शाकाहारी माणसाची अशी सोय या भागात क्वचितच होते. तिथे भारतीय मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी पोहोचले. त्यांच्या वंशजांमुळे डाळपुरी आणि डबल्स, म्हणजे मऊ तळलेल्या दोन पोळ्यांमधले चणे, रस्त्यावर कुठेही मिळतात. क्रिकेटप्रेमी सासऱ्यांना पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल केन्सिंग्टनइतकेच भावेल. सुनील गावसकरांनी १९७१ मध्ये कसोटी पदार्पण तिथेच केले आणि त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या.

नीरजा_एडिसन

सर्वांचे मनापासून आभार. परतीचा नियम वाचून घरी चर्चा झाली आणि पोर्टो रिको नक्की केले. सासऱ्यांनीच सर्वांत आधी होकार दिला. चमकणाऱ्या पाण्यासाठी कयाक वल्हवावी लागते असे वाचले, ते त्यांना जमणार नाही. दुसरा मार्ग आहे का?

सुलभा जोगळेकर

आहे. नैर्ऋत्येला ला पारगेरा येथे मोटरबोटीने नेतात. सॅन हुआनहून गाडीने दोन तासांहून थोडे अधिक लागतात, म्हणून ती रात्र तिथेच मुक्काम करा. चांदण्यात ती चमक जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा कालनिर्णय उघडून अमावास्येच्या आगेमागे दिवस ठरवा आणि त्यानुसार विमानाची तिकिटे काढा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जुन्या सॅन हुआनमध्ये सान सेबास्तियानचा रस्त्यावरचा उत्सव असतो. त्या गर्दीत ज्येष्ठांना त्रास होईल, तेव्हा ते दिवस शक्यतो टाळा.