पाच सीटर इकोला मागे अजून सीटा बसवायच्या का?

तीन_पोरांचा_बाप: मारुतीची इको आहे, ५ सीटर एसी पेट्रोल. घेतली तेव्हा सातवाली बिनाएसीचीच मिळत होती आणि जुळी झाली नव्हती. आता आई-बाबा, आम्ही दोघं आणि तीन पोरं. गणपतीत कराड-पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो, पोरं डिकीत गादी टाकून लोळत येतात. पुण्यात नाना पेठेत एकजण सातवाल्या गाडीची मागची सीट बेल्टसकट बसवून देतो म्हणतोय. माझं मत, बसवावी. गादीपेक्षा सीट कधीही बरी. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं "नियमात बसत नाही" नको.

आरसी_बघ_आधी: नियमच सांगणार, सॉरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षी त्या कायद्यात कलम १८२ए आलं, मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमच्या आरसीवर सीटिंग ५ आहे, विषय संपला.

वडापवाला: आला वकील. अहो आमच्याकडं निम्मा जिल्हा वडापमधी, म्हंजे शीटवर पैसे घेनाऱ्या जीपमधी, बसून कालेजला गेला, एका जीपमधी १५-१६ माणसं, दोघं मागच्या फुटबोर्डावर लोंबकळत. तवा कुटं होतं कलम ५२? हा माणूस घरच्या पोरांना बूड टेकायला जागा करतोय तर लगेच जेल. बसवा हो, रंग सेम घ्या म्हंजे कुणी विचारत नाय.

गॅरेजमधून: वडापचे किती घाटात गेले तेही सांगा की. मी दंडाचं बोलत नाही, पत्र्याचं बोलतो. असल्या सीटा मी काढल्यात. कार्पेट उचललं की खाली पातळ पत्रा, त्याला चार भोकं, वरून बोल्ट आणि खालून रुपयाएवढा वायसर, झालं फिटिंग. हाताने हलवली तर घट्ट वाटते, पण जोरात धडक बसली की अंगावरच्या वजनाच्या कित्येक पट ताण त्या चार भोकांवर येतो आणि पत्रा कागदासारखा फाटतो. मग बेल्ट लावलेलं पोर सीटसकट पुढच्या आजीच्या पाठीवर. शिवाय ड्रिल मारणाऱ्याने खाली पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप कुठून जाते ते वाकून बघितलं का, हे त्यालाच विचारा.

तीन_पोरांचा_बाप: बरं, पण सीट कंपनीचीच आहे ना, सातवाल्या इकोतली. बॉडी तीच, लांबी तीच. मग तिकडे चालते आणि इकडे फाटते कशी?

गॅरेजमधून: सीट कंपनीची, पण भोकं पेठेतली ना. सातवाली सीट आणि बेल्ट धरून टेस्ट होऊन येते, तुमची नाही.

न्यूजर्सीकर: इकडे जुन्या व्होल्वो २४० वॅगनमध्ये डिकीत मागे तोंड करून बसायची लहान मुलांची सीट असायची, मर्सिडीजच्या वॅगनलाही होती. त्यामुळे "डिकीत सीट म्हणजे वेडेपणा" हे सरसकट पटत नाही. फक्त ती कंपनीने विचार करून दिलेली असायची, बेल्टसकट. आणि मागून कोणी ठोकलं तर पाय आणि बंपर यात फारसं काही उरत नाही, ही भीती तिथेही होतीच.

आरसी_बघ_आधी: व्होल्वो कुठे, इको कुठे! २०१६ला ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) बिगर एअरबॅगची इको आपटली तेव्हा मोठ्यांसाठी शून्य स्टार आले होते, तेही पुढच्या सीटवरचे. बरं, इन्शुरन्सचं कोण बोलणार? पॉलिसी पाच जणांची. २००७च्या एका बस अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की जेवढ्या माणसांचा विमा तेवढ्यांचीच जबाबदारी कंपनीवर. वरच्या दोघांचं तुम्ही बघा.

वडापवाला: आणि गादीवर लोळणाऱ्यांचा विमा हाय व्हय? दोन्हीकडं पोरं तीच, माणसं सातच. मूळ प्रश्नाला कुनी हातच लावंना.

घाटात_दुसरा_गिअर: हा मुद्दा बरोबर आहे, वकीलसाहेबांनी उत्तर द्यायला हवं होतं. माझं उत्तर, दोन्ही नको. गादी तर सीटपेक्षा वाईट, १४ वर्षांखालचं पोर बिनबेल्टचं दिसलं तरी १००० दंड आहे. पण सीट बसवली की आपल्याला खोटा धीर येतो, मग तिच्यावर पोरांबरोबर मामाही बसतो, वर कॅरिअरवर बॅगा, आणि सगळं वजन मागच्या चाकांच्या मागे. रात्री कुंभार्ली उतरताना हेडलाइट रस्ता सोडून झाडांवर पडतात आणि स्टीअरिंग हलकं लागतं, चालवलंय म्हणून सांगतो. गणपतीला आई-बाबांना एसटीचं रिझर्वेशन करून द्या, लवकर केलं तर मिळतं.

तीन_पोरांचा_बाप: बाबांचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना तयार नाहीत. सात सीटर अर्टिगा सेकंडहँड बघायला सांगितलं बायकोने, पण बजेट इकोच्याच आसपास आहे. मग इको विकून जुनी सातवालीच घेऊ का, एसी बाहेरून लावून?

गॅरेजमधून: घ्या, पण आरसीवर सात लिहिलंय का ते आधी बघा आणि मागची सीट उचलून भोकं बघा. पाचाची सात करून विकलेल्या बाजारात भरपूर आहेत.