आकडा वाढवण्याआधी

दुरुस्त करून विकायला घर घेताना त्याच घरावर इतरांचाही डोळा असेल तर सरळ भाव चढवा, असा सल्ला दिला जातो. मला ते अर्धंच पटलं. विकणाऱ्याला पुष्कळदा सौदा मध्येच फिसकटण्याची धास्ती जास्त असते. म्हणून कर्जाच्या पूर्वमंजुरीचं पत्र (बँक किती कर्ज द्यायला तयार आहे ते सांगणारं) ऑफरला जोडा (त्याची मुदत उलटलेली नाही ना, तेही बघा), इसार, म्हणजे सौद्यापोटी आगाऊ द्यायची रक्कम, नावापुरता ठेवू नका आणि ताब्याची तारीख विकणाऱ्याच्या सोयीची लिहा. घराची तपासणी मात्र सोडायची नाही. फार तर तिच्यासाठी मागितलेले दिवस कमी करा.

ऑफरचा आकडा शेवटाकडून उलटा काढा. दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्यातून दुरुस्ती, व्याज, खरेदी-विक्रीचा खर्च आणि आपला नफा वजा करा. उरलं त्याच्या वर जायचं नाही, समोर कितीही जण असोत. भाड्याने द्यायचं असेल तर हिशेब वेगळा, तिथे भाड्यातून हप्ता निघतो का ते आधी.