उन्हाळ्यातील सर्व्हर-खोली: डॅशबोर्डवर नेमके काय ठेवावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. आमच्या कार्यालयात लिनक्सचे ४० सर्व्हर आहेत. सर्वांवर नोड एक्सपोर्टर (सर्व्हरची स्थिती आकड्यांत सांगणारा छोटा प्रोग्राम) बसवला असून प्रोमेथियस ही देखरेखीची प्रणाली दर १५ सेकंदांनी आकडेवारी गोळा करून साठवते आणि ती ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनावर दिसते. आयता मिळालेला डॅशबोर्ड वापरल्यामुळे आलेख पुष्कळ आहेत. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना दुपारी वीज जाते, सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात आणि एसी मात्र बंद पडतो, तेव्हा खोली तापत चालल्याचे त्या आलेखांवरून वेळेत लक्षात येत नाही. पडद्यावर काय ठेवावे? तसेच तीन महिन्यांची आकडेवारी साठवण्यास डिस्क किती लागेल?

पहिले उत्तर
डिस्कचे सोपे आहे. एका सर्व्हरमागे साधारण १,००० मालिका (एकेका मोजमापाच्या वेळेनुसार होत जाणाऱ्या नोंदी) धरल्या, तर एकूण ४०,००० होतात. प्रोमेथियसला एका नोंदीस १ ते २ बाइट लागतात; २ बाइटच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ४६० एमबी, म्हणजे ९० दिवसांना ४१-४२ जीबी. आकडेवारी साठवून ठेवण्याची मुदत मात्र स्वतः वाढवावी लागेल, कारण काही न बदलल्यास ती १५ दिवसांचीच असते.

दुसरे उत्तर
तापमानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नोड एक्सपोर्टरमधून मिळणारे प्रोसेसरचे तापमान कामाच्या भारानुसारही वरखाली होते, त्यामुळे त्यावरून खोलीचा अंदाज बांधू नये. बहुतेक रॅक सर्व्हरमध्ये पुढून आत शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर असतो व त्याचे आकडे आयपीएमआय एक्सपोर्टरमधून (सर्व्हरच्या हार्डवेअरमधील सेन्सर वाचून ते प्रोमेथियसला देणारा प्रोग्राम) घेता येतात. केवळ ‘अमुक अंशांच्या वर गेले’ या अटीवर विसंबलात, तर सूचना येईपर्यंत हातात फारसा वेळ उरलेला नसतो. त्यापेक्षा प्रोमेथियसमधील ‘डेरिव्ह’ हे बदलाचा वेग काढणारे फंक्शन वापरून गेल्या दहा मिनिटांत तापमान किती वेगाने चढले ते पाहावे, त्याला यूपीएस बॅटरीवर गेल्याची नेटवर्क यूपीएस टूल्समधून (यूपीएसची स्थिती वाचणारे सॉफ्टवेअर) मिळणारी खूण जोडावी, आणि दोन्ही एकत्र घडताच अलर्टमॅनेजरने (प्रोमेथियसच्या सूचना पुढे पाठवणारा प्रोग्राम) संदेश पाठवावा. पहिल्या पडद्यावर आत येणाऱ्या हवेचे तापमान, ते चढण्याचा वेग, बॅटरीत उरलेली मिनिटे आणि प्रतिसाद न देणारे सर्व्हर एवढेच असावे. मेमरीचे आलेख दुसऱ्या पानावर गेले तरी कोणाचे काही अडत नाही. (एसी जनरेटरवर घेतल्यास निम्मा प्रश्न मिटेल, पण तो खर्चाचा विषय झाला.)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रोमेथियसही त्याच खोलीत आहे. तोच बंद पडला तर?

पहिले उत्तर देणारे
नेहमी चालूच राहील अशी एक सूचना तयार करा. अलर्टमॅनेजरने ती दर काही मिनिटांनी दुसऱ्या इमारतीतील यंत्राकडे पाठवत राहावी आणि ती येणे थांबताच त्या यंत्राने तुम्हाला एसएमएस करावा. ते यंत्र तुमच्याच फीडरवर (वीजपुरवठ्याच्या वाहिनीवर) नसावे. इंटरनेटचा राउटर यूपीएसला जोडलेला आहे ना, तेही एकदा तपासा; अन्यथा वीज जाताच कोणताही संदेश खोलीबाहेर पडणार नाही.